स्मशानाची नोंदवही



वसंतातल्या व्याख्यानमालेत स्मशानाचा विषय घेऊन उभे राहणे थोडे अवघडच आहे. आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी पुन्हा एकदा निरोप पाठवून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. स्मशान म्हटले की माणूस मान वळवितो. सरण पेटले की पाठ फिरवायची, घरी येऊन आंघोळ करायची, आणि पुन्हा कोणी जाईपर्यंत त्या जागेचे नाव काढायचे नाही, अशी आपली रीत आहे. परंतु ज्या जागेकडे सगळा समाज पाठ फिरवितो, त्या जागी बाराही महिने, रात्रंदिवस कोणीतरी कामावर उभा असतो. आमचे सारे आयुष्य नगरपालिकांच्या कामगारांत गेले. त्यामुळे त्या उभ्या राहणाऱ्याकडे पाठ फिरविण्याची सोय आम्हांस नव्हती.

आम्ही काही पंडित नव्हे. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचे जे काही शिक्षण ते रात्रशाळेत, फुकट वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आज येथे मृत्यूचे तत्त्वज्ञान सांगणार नाही. आमचा प्रश्न साधा आहे. माणूस मेल्यानंतर त्याच्या दहनावर सरकारने देखरेख ठेवावी काय? ठेवावी तर कशासाठी? आणि ती कोणाच्या डोळ्यांनी ठेवावी?

पुष्कळांना पहिलाच प्रश्न खटकेल. दहन हा धर्माचा भाग, घरचे दुःख. तेथे सरकारचा संबंध काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुंबईत एकोणिसाव्या शतकात सोनापूरचे स्मशान हलवून शिवडीकडे न्यावे असा सरकारचा बेत होता. खांद्यावरून प्रेत न्यायच्या त्या काळी हे अंतर लहान नव्हते. नाना शंकरशेट यांनी विरोध केला आणि तो बेत मोडून काढला. पुढे १८९७ साली पुण्यास प्लेग आला. रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घरात शिरले, देवघरापर्यंत गेले. आणि मृत्यूची नोंद झाल्यावाचून प्रेतसंस्कार करणे बेकायदा ठरले. आता शांतपणे विचार केला तर साथीच्या दिवसांत मृत्यूची नोंद मागणे ही काही अन्यायाची गोष्ट नव्हे. पण ती मागणारा संगिनीसह आला, माणुसकी घरी ठेवून आला. २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले ते आपण सर्व जाणता. हुकूम योग्य असला तरी तो बजावणारा हात परका आणि उर्मट असला, तर लोक त्या हुकमालाच शत्रू मानतात, हा त्यातला धडा.

मग सरकारने बाजूलाच राहावे काय? नाही. दहन ही अशी क्रिया आहे की ती एकदा झाली म्हणजे मागे फिरता येत नाही. पुरलेला देह पुन्हा उकरून काढता येतो, त्याची तपासणी करता येते. जळलेल्या देहाची साक्ष कोणी काढायची? ज्या समाजात प्रेत जाळतात, त्या समाजात जाळण्यापूर्वीचा एक तास हा न्यायाचा शेवटचा तास असतो. विष घातले असेल, हुंड्यासाठी सून जाळली असेल, यंत्रात सापडून कामगार मेला असेल आणि मालकाला ते दडपायचे असेल, तर हे सर्व त्या तासाच्या आत कोणाच्या तरी ध्यानात आले पाहिजे. म्हणून देखरेख हवी. धर्मात ढवळाढवळ करण्यासाठी नव्हे, मेलेल्याची बाजू घेण्यासाठी.

परंतु देखरेख म्हणजे काय? केवळ नोंद करणे म्हणजे देखरेख नव्हे. याचे सर्वांत दारुण उदाहरण आपल्याच देशातले आहे. बंगाल इलाख्यात कंपनी सरकारने १८१३ साली सतीच्या बाबतीत नियम केले. बळजबरी नको, गुंगीचे औषध नको, सोळा वर्षांखालची मुलगी नको, गर्भार बाई नको. यांपैकी काही नसले, तर पोलिसाने जागेवर हजर राहावे आणि चालू द्यावे. म्हणजे सरकारचा शिपाई चितेपाशी उभा, आणि बाई जिवंत जळते आहे! सरकारी वहीत १८१५ साली अशा ३७८ स्त्रियांची नोंद आहे, १८१८ साली ८३९ स्त्रियांची. त्या वर्षांत पटकीची मोठी साथ होती, नोंदही अधिक कसोशीने होऊ लागली होती, म्हणून आकडा वाढला, असे काही अभ्यासक म्हणतात; ते आपण मान्य करू. तरी एवढे खरे उरते, की वहीने एक चिता विझविली नाही. उलट, सरकारचा माणूस हजर होता म्हणजे कृत्य कायदेशीर, असा अर्थ लोकांनी घेतला. राममोहन रॉय यांच्यासारख्यांनी जिवाचे रान केले, तेव्हा ४ डिसेंबर १८२९ रोजी बंगालमध्ये बंदी झाली. मुंबई इलाख्यात ती १८३० साली आली. थांबविण्याचा अधिकार नसलेला शिपाई हा पहारेकरी नसतो, तो प्रेक्षक असतो.

आता समुद्रापलीकडे जाऊ. इंग्लंडात प्रेत पुरण्याची चाल. १८८४ च्या जानेवारीत वेल्समधील लँट्रिसंट या गावी विल्यम प्राइस नावाच्या एका वृद्ध डॉक्टराने आपल्या मेलेल्या तान्ह्या मुलाचा देह टेकडीवर जाळण्याचा घाट घातला. लोक खवळले, खटला झाला. न्यायमूर्तींनी निकाल दिला की इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नव्हे. पुढल्याच वर्षी वोकिंग येथील दहनगृहात पहिले मानवी दहन झाले, आणि १९०२ साली पार्लमेंटाने दहनाचा कायदा केला. त्या कायद्याखालचे नियम पाहावेत तर किती कडक! उपचार करणाऱ्या डॉक्टराचा दाखला हवा. दुसऱ्या, स्वतंत्र डॉक्टराने देह पाहून, पहिल्याला प्रश्न विचारून दुसरा दाखला द्यावा. वर दहनगृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दोन्ही कागद तपासावेत. तीन डॉक्टर, तीन सह्या. कायदा करणाऱ्यांच्या मनातही तीच भीती होती, की राखेत विष सापडत नाही.

आणि झाले काय? मँचेस्टरजवळच्या हाइड गावी हॅरल्ड शिपमन नावाचा एक लोकप्रिय डॉक्टर वर्षानुवर्षे आपल्याच म्हाताऱ्या रोग्यांना विषारी सुया टोचून मारीत राहिला. जानेवारी २००० मध्ये १५ खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली. २००२ साली चौकशी समितीने त्याचे २१५ बळी निश्चित केले. त्यांतले पुष्कळसे देह रीतसर, तिन्ही सह्यांनिशी जाळले गेले होते. दुसरा डॉक्टर पहिल्याच्या शब्दावर सही करी, तिसरा दोघांच्या सह्या पाहून सही करी. या सहीबद्दल जी फी मिळे तिला तेथले डॉक्टर थट्टेने ‘राखेचे पैसे’ म्हणत. थट्टाच खरी, पण कामाकडे ते कोणत्या नजरेने पाहत, हे ती थट्टा सांगून जाते.

आता आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ऐका. तीन डॉक्टरांच्या ध्यानात जे आले नाही, ते पहिल्याने कोणाच्या ध्यानात आले? अंत्यविधीचे काम करणाऱ्या एका घराण्यातल्या बाईच्या. त्यांचा धंदा प्रेते उचलण्याचा. तिने पाहिले की या एकाच डॉक्टराची माणसे फार मरतात. आणि मरतात ती अंथरुणावर नव्हे, तर अंगावर नीट कपडे असताना, खुर्चीत बसल्या जागी. तिने ही शंका शेजारच्या दवाखान्यातील एका डॉक्टरीणबाईंना बोलून दाखविली, आणि त्या बाईंनी मार्च १९९८ मध्ये अधिकाऱ्यांना कळविले. पोलिसांनी वरवर चौकशी करून कागद मिटले. त्यानंतर शिपमनने आणखी तीन बायका मारल्या. पुढे एका मृत बाईच्या खोट्या मृत्युपत्रावरून तो पकडला गेला, आणि तिचा देह पुरलेला होता म्हणूनच तो उकरून विष सिद्ध करता आले. जाळलेल्यांच्या बाबतीत ती वाट बंद झाली होती. इंग्लंडने पुढे ती जुनी पद्धत मोडीत काढली. ९ सप्टेंबर २०२४ पासून कोरोनरकडे न गेलेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाने तपासावे असा तेथे कायदा आहे.

दुसरी हकीकत अमेरिकेतली. जॉर्जिया संस्थानात नोबल नावाच्या लहान गावी एक खाजगी दहनगृह होते. फेब्रुवारी २००२ मध्ये असे उघडकीस आले की तेथे आलेली ३३४ प्रेते जाळलीच नव्हती. ती रानात, कोठारात, खड्ड्यांत टाकून दिली होती, आणि कित्येक नातेवाइकांच्या हाती राख म्हणून सिमेंटची भुकटी दिली होती. सरकारचा तपासनीस तेथे का फिरकला नाही? तर त्या संस्थानच्या कायद्यात एक फट होती. हे दहनगृह थेट जनतेशी व्यवहार न करता अंत्यविधीच्या कंपन्यांचे काम घेत असे, म्हणून त्याला परवान्याची व तपासणीची गरज नाही, असे धरले गेले. बंधूंनो, ही फट आम्हा कामगारांच्या फार ओळखीची आहे! मुख्य मालक म्हणतो, काम कंत्राटदाराचे. कंत्राटदार म्हणतो, मी तर दुसऱ्याच्या वतीने करतो. आणि जबाबदारी मधल्या मधे नाहीशी होते. आणि येथेही प्रथम कोणी पाहिले? गॅसची टाकी भरायला येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने. त्याने आवारात प्रेते पडलेली पाहून अगोदरच वर्दी दिली होती. अधिकारी आला, इकडेतिकडे पाहिले, परत गेला.

या हकीकतींतून आम्ही एक निष्कर्ष काढतो. ज्याचा हात प्रेताला लागतो, ज्याचे पाय त्या आवारात रोज पडतात, त्याच्या डोळ्यांना सत्य आधी दिसते. सही करणाराला ते उशिरा दिसते, कायदा करणाराला त्याहून उशिरा. म्हणून दहनावरची खरी देखरेख म्हणजे आणखी एक सही वाढविणे नव्हे. जो तेथे उभा आहे त्याच्या डोळ्यांना कायद्याचे बळ देणे, ही खरी देखरेख.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या देशात १९६९ साली जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा झाला. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्यातले दहावे कलम फार थोड्यांनी वाचले असेल. मृत्यूची खबर देण्याचे कर्तव्य ज्यांच्यावर घातले आहे, त्यांत मृतदेहांच्या विल्हेवाटीसाठी राखून ठेवलेल्या जागेचा रखवालदार किंवा मालक, आणि अशा जागी हजर राहण्यास स्थानिक संस्थेने फर्माविलेला इसम, हेही आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी स्मशानातला माणूस हा केवळ लाकडे रचणारा नाही; तो सरकारचा साक्षीदार आहे. आमच्या बैठकीत हे कलम प्रथम मोठ्याने वाचले तेव्हा एक वयस्क कामगार म्हणाला, “साहेब, हे आम्हांला कोणी सांगितलंच नाही.” पंचवीस वर्षे तो माणूस वही भरीत होता.

त्याला का सांगितले नाही? याचे कारण कायद्यात नाही, आपल्या समाजात आहे. गावगाड्यात मयताची खबर गावोगाव पोचविणे, सरणाला लाकूडफाटा आणणे हे महाराच्या माथी मारलेले काम होते. त्या वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले. पण कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्ह्यांच्या कायद्याने स्मशानात जाण्यास मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. कायदे झाले, पण आजही अनेक गावांत जातवार स्मशाने आहेत, आणि शहरातल्या स्मशानात कामाला कोण आहे हे पाहिले तर गावगाडा अजून संपलेला नाही हे दिसते. ज्याला आपण माणूस म्हणून हिशेबात धरीत नाही, त्याला साक्षीदार म्हणून कसा धरणार?

आता त्यावर कंत्राटाची भर पडली आहे. एका शहरातील स्मशानात आम्ही गेलो होतो. भट्टीवरच्या माणसाच्या हातात हातमोजे नव्हते, पायांत रबरी चप्पल. पगार कंत्राटदार देई, तोही महिना उलटून गेल्यावर. आम्ही विचारले, एखाद्या प्रेताच्या अंगावर मारहाणीच्या खुणा दिसल्या तर काय करता? तो म्हणाला, “कागद बरोबर असला की लावायचं. आपण विचारलं तर उद्या हजेरी बंद.” पाहा, १८१३ चा शिपाई आणि आजचा हा कामगार, दोघेही चितेपाशी उभे, आणि थांबविण्याचा अधिकार दोघांनाही नाही.

कागदाचीही गोष्ट घ्या. २०२० साली आपल्या देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू सरकारी अहवालाप्रमाणे सुमारे साडेबावीस टक्के होते. म्हणजे चारांपैकी तीन माणसे कशाने गेली, हे वैद्यकीय दाखल्यावरून कळण्याची सोयच नाही. गिरणीत फुप्फुसे खराब होऊन गेला, रंगाच्या कारखान्यात विषारी वाफेने गेला, की नुसताच ‘म्हातारपणाने’ गेला? कामगाराच्या बायकोची नुकसानभरपाई याच एका ओळीवर लटकते. म्हणून आम्ही म्हणतो की स्मशानाची वही हा कामगार चळवळीचा प्रश्न आहे.

आणि २०२१ चा तो एप्रिल महिना आठवा. आमच्या मराठवाड्यात, अंबाजोगाईस, जागा अपुरी म्हणून आठ देहांना एकच चिता द्यावी लागली. सुरतेत गॅसच्या भट्ट्या इतक्या अखंड पेटल्या की त्यांतल्या लोखंडी चौकटी वितळल्या. त्या दिवसांत सरकारी आकडा एक आणि स्मशानातला आकडा दुसरा, असे गावोगाव झाले. वर्तमानपत्रांनी खरा हिशेब लावला तो स्मशानातल्या वह्यांवरून. २०२० व २०२१ या दोन वर्षांत साथीने सुमारे ४ लाख ८१ हजार माणसे गेली असे सरकार सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाखांचा आहे, आणि सरकारला तो मान्य नाही. हा वाद येथे मिटविण्याचा आमचा अधिकार नाही. पण प्रत्येक स्मशानातील वही नीट भरली गेली असती, ती वर पोचली असती, आणि भरणाराला कोणाची भीती नसती, तर एवढ्या मोठ्या अंतराचा वाद उद्भवलाच नसता. मेलेल्यांची संख्या ही अंदाजाची बाब राहावी, ही कोणत्याही राज्याला शोभणारी गोष्ट नव्हे.

आणखी एक लहानशी बाब सांगतो. लहान, पण कामगाराच्या जिवाची. हृदयाचे ठोके चालविणारे यंत्र छातीत बसवितात. तो देह भट्टीत गेला की यंत्रातली बॅटरी फुटते. इंग्लंडात १९७६ साली असा स्फोट प्रथम नोंदला गेला. त्यांनी काय केले? दहनाच्या दाखल्यावरच प्रश्न छापला: देहात असे यंत्र आहे काय, आणि ते काढले आहे काय? कागदावरची एक ओळ, आणि भट्टीपुढचा माणूस वाचला. येथे आम्ही कितीतरी भट्टीवाल्यांना विचारले. हा प्रश्न त्यांच्यासाठी कोणी विचारल्याचे एकानेही सांगितले नाही. नियम हा कामगाराच्या विरुद्धच असतो असे नाही. चांगला नियम त्याची ढाल होतो.

येथे कोणी म्हणेल, आणि आम्ही ते अनेकदा ऐकले आहे, की तुमचे हे स्मशानातले कामगार दुःखात असलेल्या लोकांकडून पैसे उकळतात; त्यांच्या हाती अधिकार दिला तर लूट वाढेल. आक्षेप खरा आहे, आम्ही तो झाकणार नाही. बाप गेलेल्या मुलाकडे हात पसरणे ही लाजेची गोष्ट आहे. पण हे बक्षीस कोठून आले? जुन्या काळी पगार नव्हता. प्रेतावरचे वस्त्र हीच मजुरी होती. आज पगार आहे म्हणतात, पण तो पोट भरण्याइतका नाही आणि वेळेवर नाही. ज्याची मजुरी मालक देत नाही त्याची मजुरी शोक करणारा देतो. पुरा पगार द्या, दर मोठ्या अक्षरात फलकावर लिहा, आणि मग जो हात पसरील त्याला खुशाल शिक्षा करा. संघटना त्याची वकिली करणार नाही.

तेव्हा आमच्या मागण्या थोडक्यात मांडतो. पहिली, स्मशानात वही भरणारा आणि भट्टी चालविणारा माणूस नगरपालिकेचा कायम नोकर असावा. साक्षीदार कंत्राटाने मिळत नसतो. दुसरी, दहाव्या कलमाखालचे त्याचे कर्तव्य त्याला मराठीत, लेखी समजावून द्यावे. तिसरी, शंका आली तर दहन काही तास थांबवून पोलिसांस व वैद्यकीय अधिकाऱ्यास कळविण्याचा त्याला स्पष्ट अधिकार असावा, आणि सद्हेतूने थांबविल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये. चौथी, हातमोजे, बूट, चष्मा, नियमित वैद्यकीय तपासणी, आणि दाखल्यावर त्या यंत्राचा प्रश्न. पाचवी, प्रत्येक स्मशानाचा मासिक आकडा फलकावर लागावा, म्हणजे तो कोणाला दडपता येणार नाही. लाकूड किती जाळावे, वीज वापरावी की गॅस, धुराडे किती उंच असावे, याही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एका देहास तीनशे-चारशे किलो लाकूड लागते, आणि त्याचा विचार झालाच पाहिजे. परंतु नवी भट्टी आणून जुना अन्याय तिच्यापुढे उभा केला, तर फक्त धूर कमी होईल.

या मागण्यांना खर्च येईल, हे उघड आहे. पण नगरपालिका ज्यावर खर्च करते अशा बहुतेक गोष्टींचा उपयोग कोणाला होतो, कोणाला होत नाही. स्मशानाचा उपयोग सर्वांना होतो. मतदाराला, नगरसेवकाला, ठेकेदाराला आणि व्याख्यात्यालाही.

आपण येथून घरी जाल. आमची आपणांस एवढीच विनंती आहे, की पुढल्या वेळी आपणांस स्मशानात जाण्याचा प्रसंग आला, तर परत फिरण्यापूर्वी त्या वहीत आपल्या माणसाचे नाव, वय आणि मृत्यूचे कारण नीट लिहिले आहे की नाही हे वाचून पाहा. आणि ती वही भरणाराला त्याचे नाव विचारा. पुष्कळ वर्षांत त्याला ते कोणी विचारलेले नसेल.